अमृतमहोत्सवी चित्रफितीविषयी

अकोटा, बडोदे
रविवार, १५ जून २०२५

चि. सौ. मोहना हिस,

आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तू परवा जे लांबलचक निवेदन केलेस, त्यात तीन चुका आहेत. पुढील मजकुराकडे वळण्यापूर्वी त्या दुरुस्त करतो.

पहिली. "बालनाट्याच्या ठरावाविरुद्ध मी एकटीने मत दिलं होतं," असे तू म्हणतेस. दिले नव्हतेस. तू विरोधात बोललीस, अध्यक्ष तात्यासाहेबांनी घंटी वाजवली, आणि मतदान होण्याच्या आधीच तू सभागृह सोडून गेलीस. सभेत उपस्थितांचीच मते मोजली जातात. म्हणून इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द आला. तो तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे.

दुसरी. ही सभा २०१६ साली झाली नाही. ती १६ जुलै २०१७ रोजी झाली.

तिसरी. "दादा म्हातारपणी सिनेमाच्या कॉलेजात जातोय," हे विधान अचूक नाही. माध्यम-अभ्यास या विषयाची ती पदव्युत्तर पदविका आहे आणि वर्ग सायंकाळी भरतात. सिनेमा हा त्यातील एका प्रश्नपत्रिकेचा भाग आहे.

तिथे मी का गेलो, हे तू विचारलेले नाहीस, तरी सांगतो. मित्रसंघ या आपल्या मराठी मंडळाच्या अमृतमहोत्सवानिमित्त यशराजने एक चित्रफीत केली आहे. यशराज म्हणजे आपल्या शेजारच्या साळव्यांचा नातू; लग्नांची चित्रीकरणे करतो. गेल्या वर्षी त्याने पहिला कच्चा भाग मला दाखवला, तेव्हा मी दोन-चार सूचना केल्या. तो म्हणाला, "काका, मीडियातलं तुम्हाला काय समजणार? तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा ने." पुढच्याच आठवड्यात मी प्रवेश अर्ज भरला. चिटणीस या नात्याने अज्ञानी ठरणे मला सोयीचे नव्हते.

वर्गात माझ्याहून पन्नास वर्षांनी लहान मुले आहेत. ती मला पाहून उभी राहतात आणि मग बसून फोन पाहतात. निबंध इंग्रजीत लिहावे लागतात. पहिला निबंध मी एका वृत्तवाहिनीच्या बातमीपत्रावर लिहिला व त्या बातमीपत्रातील भाषेच्या चुका क्रमवार दिल्या. आमच्या अध्यापिका भक्ती शिर्के यांनी त्यावर अभिप्राय दिला, त्याचे भाषांतर असे : "आपण चुका शोधल्या आहेत. हे बातमीपत्र कोण कोणाला काय सांगते आहे, हे शोधलेले नाही." मी त्यांना भेटून म्हटले की चुका खऱ्या आहेत. त्या म्हणाल्या, "खऱ्या आहेत काका, बराबर आहे. पण तो निबंध नाही, ती पोलीस-तक्रार आहे."

या बाई बडोद्याजवळच्या छाणीच्या. पणजोबा गायकवाडी फौजेत होते, असे त्यांनी सांगितले. घरी मराठी बोलतात, शिक्षण गुजरातीतून.

तिसऱ्या निबंधासाठी स्वतःच्या परिसरातील एखादे माध्यम निवडायचे होते. मी यशराजची चित्रफीत निवडली. तीत काय काय आहे ते क्रमाने लिहिले : मित्रसंघाची स्थापना, जुन्या इमारतीची पायाभरणी, वक्तृत्वस्पर्धा, वाचनालय, अध्यक्षांच्या तसबिरी. अभिप्राय आला : "पडद्यावर जे आहे ते सर्व आपण लिहिले. जे नाही, ते का नाही? हा प्रश्न विचारल्यावाचून निबंध पूर्ण होणार नाही. पुन्हा लिहावा." निबंध नापास आहे. जुलैअखेर तो सुधारून द्यायचा आहे आणि सोबत 'अभिप्रायावर आत्मचिंतन' अशा नावाचे एक टिपणही जोडायचे आहे. अभिप्रायावर अभिप्राय देण्याची ही पद्धत मला अनाठायी वाटते. तथापि नियम आहे.

जे नाही ते पाहू गेल्यास, तुझी बालनाट्ये नाहीत. निवेदक एक वाक्य म्हणतो : "१९९८ ते २०१५ या काळात बालनाट्याचाही उपक्रम चालला, संचालिका २०१६ साली नाशिकला गेल्याने तो थांबला." चित्र नाही, नाव नाही. यशराजचे म्हणणे असे की गेल्या वर्षीच्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी मित्रसंघाच्या तळमजल्यावर शिरले, तेव्हा बालनाट्याची सगळी छायाचित्रे गेली. त्याने तरी दाखवायचे काय? हे खरे आहे. कपाट मी स्वतः उघडले होते.

तुझ्याकडे छायाचित्रे आहेत. चित्रफीत ३१ ऑगस्टला, गणेशोत्सवातील रविवारी, दाखवायची आहे आणि १० ऑगस्टला ती बंद होईल. नंतर काहीही घालता येणार नाही. छायाचित्रे पाठवावीत.

नारायण


अकोटा
सोमवार, ३० जून २०२५

चि. मोहना,

तुझे एका ओळीचे उत्तर तुझ्या अनुजच्या फोनवरून आले : "दादा, फोटो तुला निबंधासाठी हवेत की माझ्यासाठी?"

निबंधासाठी.

याहून वेगळे उत्तर दिले असते तर तू ते खोटे मानले असतेस, आणि काही अंशी ते खोटे असतेही. त्याच छायाचित्रांचा उपयोग चित्रफितीलाही होईल. हे दोन्ही एका वेळी शक्य आहे.

तू पुढे ध्वनिसंदेशात म्हणालीस की आठ वर्षे मी तुला एक पत्र लिहिले नाही आणि आता लिहितो तेही कार्यालयीन लिहितो. संदेश मी दोनदा ऐकला. तुझा आवाज बसलेला वाटला. नाशिकला तुला खोकल्याचा त्रास होतो का, ते अनुजने कळवावे.

मुख्य मुद्दा. मी निबंधाचा सुधारित खर्डा केला. त्यात लिहिले : "बालनाट्याचा उपक्रम चित्रफितीत जवळजवळ अनुपस्थित आहे. एका सदस्येच्या मते हा उपक्रम एका ठरावामुळे बंद पडला." ठरावही दिला : मित्रसंघाच्या रंगमंचावर होणाऱ्या मराठी नाटकांच्या संहिता व मुलांना दिले जाणारे संवाद देवनागरीतच असावेत. कारणही दिले : बडोद्यातील मराठी मुले गुजराती वा इंग्रजी शाळांत जात असल्याने संचालिका त्यांना मराठी संवाद गुजराती लिपीत लिहून देत असे.

भक्तीबाईंनी खर्डा वाचला. वर्गाबाहेरच्या बाकावर बसून आमचे जे बोलणे झाले, ते जसेच्या तसे देतो.

"ही सदस्या कोण, काका?"

"मित्रसंघाची माजी सदस्या."

"तुमची कोण?"

"धाकटी बहीण."

"आणि ठराव कोणी लिहिला?"

"मांडला तात्यासाहेबांनी, म्हणजे तत्कालीन अध्यक्षांनी. शब्द माझे."

बाईंनी खर्डा मिटून बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे बसून कॅमेऱ्यावर निबंध लिहिताय. वाचणाऱ्याला कळायला पाहिजे ने की तुम्ही कुठे उभे आहात?"

मी म्हणालो की निबंधकाराने स्वतःला मध्ये आणू नये, असे आम्हाला शिकवले गेले. जिल्हा न्यायालयात मी साक्षींची भाषांतरे करीत असे. भाषांतरकाराने साक्षीत स्वतःचा शब्द घालायचा नसतो. त्या म्हणाल्या, "पण इथे तुम्ही भाषांतरकार नाहीत. तुम्ही साक्षीदार आहात."

मला हे पटले असे नाही. मी त्यांना म्हटले की ठराव मला आजही योग्य वाटतो. मराठी ज्या लिपीत लिहिली जाते त्या लिपीत ती मुलांनी वाचावी, ही अपेक्षा गैर नाही. तो लागू झाल्यावर एकही मूल तालमीला आले नाही, हे मात्र खरे आहे. बाई म्हणाल्या, "मी पण नसते आले. मी देवनागरी आजही हळूहळू वाचते, बोट ठेवून."

छायाचित्रे अद्याप आलेली नाहीत.

नारायण


अकोटा
रविवार, १३ जुलै २०२५

चि. मोहना,

पाकीट पोहोचले. सर्व छायाचित्रे चांगल्या स्थितीत आहेत. तुझी अटही वाचली : "सगळी वापरायची असतील तर वापरा. पण पडद्यामागचा फोटो आलाच पाहिजे. तो नसेल तर एकही नको."

ते छायाचित्र मी भिंगाखाली पाहिले. तीन मुले. कांचन राणीच्या वेषात, मुकुट कलता. दोघा मुलांच्या मिशा काजळाच्या. तिघेही ओठ हलवीत आहेत, आणि तिघांच्या हातांत कागद. कागदांवरील अक्षरे स्पष्ट आहेत. न्यायालयात बत्तीस वर्षे गुजराती वाचल्यामुळे मला ती सहज लागली. लिपी गुजराती, भाषा मराठी, अक्षर तुझे. एका संवादात तू शेवटचा शब्द खोडून सोपा घातला आहेस. मुलाला तो म्हणता येत नसावा.

एक निरीक्षण नोंदवतो. या कागदांविषयी मी तेव्हा सभेत बोललो, ठराव लिहिला, इतिवृत्त लिहिले. पण यांपैकी एकही कागद मी तोवर वाचलेला नव्हता. लिपी दिसली, आणि मी थांबलो. वाचला असता तरी माझे मत बदलले असते, असे म्हणत नाही.

निबंधाचा दुसरा खर्डा पाठवला. 'एका सदस्येच्या मते' हे काढले. त्याजागी लिहिले : "या उपक्रमाची संचालिका प्रस्तुत लेखकाची बहीण आहे. तो बंद करणाऱ्या ठरावाची शब्दरचना प्रस्तुत लेखकाने केली." भक्तीबाईंनी समासात फक्त एवढे लिहिले : "आता सुरुवात झाली. पुढे?"

पुढे असे की चित्रफीत कोणी जाणूनबुजून खोटी केली नाही. यशराजने निवेदन लिहिताना माझीच इतिवृत्ते वाचली. इतिवृत्तात ठराव येतो. ठरावापूर्वीचे भांडण येत नाही, ही आपली पद्धत आहे आणि ती मीच काटेकोरपणे पाळली. त्यामुळे त्याला पुढे बालनाट्य आढळले नाही. का, ते आढळले नाही. आणि तू नाशिकला गेलीस हे त्याला कोणाकडून तरी कळले. त्याने दोन्ही जोडले. आत्मचिंतनाच्या टिपणात मी हे लिहिले आहे. हे आत्मचिंतन आहे की यशराजच्या पद्धतीचे विश्लेषण, ते बाईंनी ठरवावे.

अट मी कार्यकारिणीपुढे ठेवीन. सभा ३ ऑगस्टला आहे. काय होईल ते सांगता येत नाही.

खोकल्याविषयी अनुजने काही कळवले नाही.

नारायण


अकोटा
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

चि. मोहना,

काल सभा झाली. जे घडले ते, इतिवृत्तात येते त्याहून थोडे अधिक, लिहितो.

सध्या अध्यक्ष धैर्यशील माने आहे. तू त्याला पाहिलेस तेव्हा तो कोषाध्यक्ष होता. मनुष्य वाईट नाही. त्याला कार्यक्रम निर्विघ्न पार पडलेला हवा असतो. छायाचित्रे टेबलावर मांडली, तेव्हा सगळे खुशीत होते. कांचन आता कार्यकारिणीत आहे, तिने स्वतःला ओळखले आणि ओरडली, "अरे बाप रे, हा मुकुट! मोहनामावशीने लहरीपुऱ्यातून आणलेल्या जरीचा होता!"

मग धैर्यशीलने पडद्यामागचे छायाचित्र उचलले.

"काका, हे नको."

"का?"

"मराठी मंडळाचा अमृतमहोत्सव, आणि मुलांच्या हातात गुजराती कागद? पुण्याहून पाहुणे येणार आहेत. ते काय म्हणतील, पंचाहत्तर वर्षं यांनी केलं काय?"

यशराज म्हणाला, "टेन्शन नाही. खालून क्रॉप करून टाकतो ने. कागद जातील, चेहरे राहतील. कोणाला कळणार पण नाही. मोहनामावशींचं नाव पण देऊ, मोठ्या अक्षरात."

बहुतेकांना हा तोडगा आवडला. मी तुझी अट वाचून दाखवली. धैर्यशील हसला. "काका, ठराव तुमचाच होता ने? देवनागरीच पाहिजे म्हणून? आणि आता तुम्हीच गुजराती अक्षरं पडद्यावर आणताय?"

"ठराव संवादांविषयी होता," मी म्हणालो. "छायाचित्रांविषयी नव्हता."

हशा झाला. मी विनोद केला नव्हता.

कांचन तेव्हा बोलली. "मला देवनागरी आजपण धड वाचता येत नाही. पण मावशीने दिलेले संवाद हजी, अजूनपण पाठ आहेत. म्हणून दाखवू? ते कागद क्रॉप केले, तर आम्ही पाठ कशावरून केलं, आकाशातून?"

मत घेतले गेले. छायाचित्र न कापता घ्यावे, या बाजूने कांचन आणि मी. बाकीचे सर्व विरुद्ध. चिटणिसाने मत देण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. घटनेत तशी मनाई मात्र नाही. मी ती आधी पाहून गेलो होतो.

यानंतर मी छायाचित्रे गोळा केली व पाकिटात भरली. यशराज म्हणाला, "अहो काका, बाकीची तर ठेवा! मावशींचा चेहरा तरी येऊ दे पडद्यावर!" मी नाही म्हटले. अट अशी होती की ते नसेल तर एकही नको.

इथे मला तुला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तुझा चेहरा आणि तुझे नाव चित्रफितीत येणार होते, आणि मी ते थांबवले. तुला विचारायला वेळ होता. मी विचारले नाही. तू कदाचित कापलेले छायाचित्रही मान्य केले असतेस. तसे असल्यास मला कळव. १० तारखेपर्यंत चित्रफीत उघडी आहे. छायाचित्रे माझ्या टेबलावर आहेत.

नारायण


अकोटा
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. मोहना,

"कापलेला नको. बरं केलंस," हा तुझा संदेश ९ तारखेला मिळाला. त्याप्रमाणे चित्रफीत दुसऱ्या दिवशी तुझ्यावाचून बंद झाली. छायाचित्रे आज नोंदणीकृत टपालाने परत पाठवीत आहे.

निबंध उत्तीर्ण झाला. भक्तीबाईंचा शेवटचा अभिप्राय : "तर्क स्पष्ट आहे. लेखक दिसतो. निष्कर्ष नाही." मी विचारले की निष्कर्ष कसा असेल, चित्रफीत तर बंद झाली. त्या म्हणाल्या, "चित्रफीत बंद झाली काका, पण ती बघणारे लोक हजी बाकी आहेत ने."

यावर मी दोन दिवस विचार केला. चित्रफीत यशराजची आहे, सभा धैर्यशीलची आहे. परंतु ३१ तारखेला प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती जी कार्यक्रमपत्रिका पडते, ती घटनेनुसार चिटणिसाने काढायची असते. छापील मजकुरात वा कार्यक्रमात तथ्यदोष राहिल्यास शुद्धिपत्र जोडणे, हेही त्याचेच काम. त्यासाठी ठराव लागत नाही.

चित्रफितीतील तारखा मी तपासल्या. पुष्कळ चुकीच्या आहेत. शुद्धिपत्र तयार करून मी धैर्यशीलला सौजन्य म्हणून दाखवले. त्याने ते उभ्याउभ्या वाचले, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचले.

"काका, यात खोटं काही नाही."

"नाही."

"पण तारखांच्या नावाखाली तुम्ही अख्खं भांडण छापताय."

"कोणती तारीख चूक आहे ती दाखव. काढून टाकतो."

त्याने कागद परत दिला. "छापा. पण एक सांगतो, जी मुलं त्या नाटकांत होती, त्यांच्यातल्या अर्ध्यांना हे वाचता येणार नाही."

हे त्याने चिडून म्हटले. मात्र ते बरोबर आहे. मी तो विचार केलेला नव्हता.

म्हणून विनंती. शुद्धिपत्राची मागची बाजू कोरी आहे. हाच मजकूर तिथे गुजराती लिपीत, भाषा मराठीच ठेवून, तू हाताने लिहून पाठवावास. मला गुजराती लिपी येते. परंतु मराठी तीत कशी लिहायची, कुठे काय सोपे करायचे, याचे नियम तेवीस वर्षे तू ठरवलेस. ते मला ठाऊक नाहीत, आणि मी केलेले शुद्ध असले तरी मुलांना वाचता येईल याची खात्री नाही. तुझे हस्ताक्षर जसे असेल तसेच छापले जाईल. मी त्यात काहीही दुरुस्त करणार नाही.

छापखान्याला शुक्रवारी, २२ तारखेला, मजकूर द्यायचा आहे. अनुजने कागदाचा फोटो पाठवला तरी चालेल. तुझी संमती नसेल तर पुढची बाजूही छापणार नाही. मजकूर खाली देतो. त्यात काही चूक असल्यास कळवावे.

नारायण

शुद्धिपत्र

१. बालनाट्याचा आरंभ.
चित्रफितीत : १९९८. वाचावे : गणेशोत्सव १९९४. लेखन व दिग्दर्शन, मोहना प्रधान.

२. पुराचे वर्ष, २००५.
चित्रफितीत : कार्यक्रम झाला नाही. वाचावे : बालनाट्य झाले. सभागृहात चिखल असल्याने प्रयोग कांचन यांच्या इमारतीच्या गच्चीवर झाला.

३. अखेरचा प्रयोग.
चित्रफितीत : २०१५. वाचावे : रविवार, ११ सप्टेंबर २०१६. तोपर्यंतच्या सर्व प्रयोगांचे मराठी संवाद मुलांनी गुजराती लिपीतून पाठ केले.

४. संवाद देवनागरीतच असावेत, हा ठराव.
चित्रफितीत : उल्लेख नाही. वाचावे : रविवार, १६ जुलै २०१७. मोहना प्रधान यांनी विरोध केला. तो ऐकून घेतला गेला नाही. शब्दरचना, नारायण गुप्ते.

५. ठरावानंतरची पहिली तालीम.
चित्रफितीत : उल्लेख नाही. वाचावे : रविवार, ३० जुलै २०१७. संचालिका हजर. मुले नाहीत.

६. संचालिकेचे नाशिकला प्रयाण.
चित्रफितीत : २०१६, बालनाट्य थांबण्याचे कारण म्हणून. वाचावे : मार्च २०१८. बालनाट्य त्याआधीच थांबलेले होते.